पाणी पिवळं आलं

चिवळपाड्यात पाहुण्यानं पाणी मागितलं, की तांब्या पुढे करताना घरची बाई हमखास सांगायची, "पे बिनघोर. देवरामनं बघलाय." आणि देवराम ते ऐकायला जवळपास असला तर असा फुगायचा, की विचारू नका.

खोडाळ्याहून जीपनं अर्धा तास, मग नागलीच्या वरकस उतारावरून चढणीची वाट, की हा चाळीस घरांचा पाडा येतो. देवराम तिथला जलसुरक्षक. पद मोठं, काम साधं. रोज सकाळी टाकीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर कालवून सोडायची. अर्ध्या तासानं पाड्याच्या शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं आणि त्यात ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं, म्हणजे जंतू मेले. पिवळं नाही झालं तर लोकांना थांबवायचं. सातवी शिकलेल्या देवरामनं हे काम अकरा वर्षं, एका आजारपणाचे दिवस सोडले तर, एकही खाडा न करता केलं होतं. नळावर हंडे लावून बसलेल्या बाया विचारायच्या, "पानी बरा हाय ना?" तो नळी उन्हात धरून म्हणायचा, "पिवळा आलाय. भरा." त्याशिवाय हंडा उचलायचा नाही, अशी पाड्याची रीतच पडून गेली होती.

तालुक्याच्या प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं, साक्षीदार दोन ठेवा, नाक आणि बाटली. पाण्याला टीसीएलचा वास आला पाहिजे आणि रंगही. देवरामनं ते गाठीशी बांधलं होतं. पण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला आठ दिवस ताप आला आणि जाताना तो ताप त्याचं नाक घेऊन गेला. महिना झाला, वर्ष झालं, सुक्या बोंबलाचा वासही परत आला नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बिननाकाचा जलसुरक्षक म्हणून पाड्यानं दात काढले असते, आणि हसू सोसेल असा तो माणूस नव्हता. एकट्या गौराला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. चुलीवर भात करपून कोळसा झाला, तरी हा शेजारी बसून विडी ओढत होता, तेव्हा तिनं ओळखलं.

गेल्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, म्हणून खालच्या माळावर खोल बोअर मारली आणि तिचं पाणी टाकीला जोडलं. पाणी काचेसारखं नितळ. पण दोन महिने झाले नाहीत तोच पाड्यातली कमू धुतलेला पांढरा सदरा घेऊन आली. त्यावर काळे ठिपके. "देवरामदादा, पान्यात हा काळा काय येतं?"

"नव्या पाइपाचा मळ हाय. जाईल," देवराम म्हणाला. त्याला काय ठाऊक! आणि तेव्हा त्याचं मन दुसऱ्याच गोष्टीत रमलं होतं. हल्ली नळीतलं पाणी इतकं दाट पिवळं व्हायचं, की पूर्वी कधी तसं झालंच नव्हतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की रंग फार गडद आला तर पावडर जास्त पडली. म्हणून त्यानं पावडर कमी केली. तरी पिवळं. आणखी कमी केली, अगदी निम्म्यावर आणली. तरी पिवळंच. नोंदवहीत रोज एकच शब्द पडत होता आणि तो पाहून देवराम खूश होता. माणसाला हवं ते दिसायला लागलं, की तो डोळे चोळून पुन्हा बघत नाही.

गौरानं मात्र एका सकाळी हंड्यात तोंड घालून हुंगलं. "पान्याला वास नाय रं."

"बाटली बोलते ना?"

"बाटली बोलते. माझा नाक नाय बोलत."

तिची पोर सुकरी आठव्या महिन्याची, बाळंतपणाला माहेरी आली होती. गौरा गुपचूप पहाटे ओहोळाकाठच्या झऱ्यावर जाऊन तिच्यापुरतं पाणी आणू लागली. पाड्यात गोष्ट लपते थोडीच? नळावर कुणीतरी हसून म्हणालं, "जलसुरक्षकाची लेक झऱ्याचा पेते, आन् आमाला नळाचा!" देवरामची कानशिलं तापली. घरी येऊन त्यानं झऱ्याचं पाणी अंगणात ओतलं. "अकरा वरसं माझ्या शब्दावर पाडा पितो. आन् माझ्याच घरात माझा शब्द नाय? तुझ्या नाकापेक्षा माझी बाटली खरी. उद्यापासनं झऱ्यावर जायाचा नाय."

गौरा गेली नाही. त्याला आता आठ दिवस झाले होते.

भादव्यातली ती सकाळ. पाऊस ओसरला होता, भात पोटरीला आलं होतं. देवराम नळी धुऊन पुसत होता तेवढ्यात हाक आली, की माघ्याला रातीपासून ढाळ लागलेत. माघ्या म्हणजे शेवटच्या नळाशेजारचा धट्टाकट्टा गडी. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, पायात गोळे येऊ लागले. पोटातून पडत होतं ते तांदळाच्या धुवणासारखं. आणखी तीन घरांतून उलटीचे आवाज यायला लागले.

उपकेंद्रातल्या चंदना सिस्टर आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "पाणी?"

"रोज पिवळा येतं," देवरामनं वही पुढे केली. त्यांनी स्वतः नळाचं पाणी तपासलं. पिवळंधमक. त्या बुचकळ्यात पडल्या. "मग पाण्यातून नाही. खाण्यातून असेल. तरी उकळून गार केलेलंच पाजा, मीठ-साखर घालून."

देवरामचा जीव भांड्यात पडला. तासाभरानं माघ्याच्या उशाशी उकळून निवलेल्या नळाच्याच पाण्याचं पातेलं आलं. हातात बाटली होती, हाताला सवय होती. त्यानं नळीत ते पाणी घेतलं आणि थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं.

तो नळीकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, उकळलेल्या पान्यात क्लोरीन ऱ्हातं का?"

"उडून जातं. का हो?"

त्यानं नळी पुढे केली. सिस्टरांनी ती उजेडात धरून पाहिली. मग विचारलं, "पाणी काळं येतं का कधी? कपड्यांना डाग पडतात?" कमूनं दारातूनच सांगितलं, पडतात.

दोघं टाकीच्या शिडीवर चढले. आत भिंतींना, तळाला काजळीसारखा बुळबुळीत काळा थर बसला होता. सिस्टरांनी बोट फिरवलं. "मँगनीज. लोखंडासारखाच एक धातू, खोल बोअरच्या पाण्यात असतो. जमिनीत असतो तोवर दिसत नाही. वर येऊन हवा लागली, पावडर लागली, की हळूहळू काळा होतो. आणि हा काळा पाण्यात असला, तर क्लोरीन नसतानाही तुमचं औषध पिवळं होतं." त्यांनी बोट साडीला पुसलं. "वर हा थर पावडरीची ताकद संपवतो, आणि स्वतः मात्र तसाच राहतो. पाण्याला वास तरी येत होता का देवरामभाऊ? तुम्हाला कळलं नाही?"

देवरामला खोटं बोलायची सोय होती. वही साफ होती, रोजची सही होती, कुणी त्याला बोल लावू शकलं नसतं. "मला वास येत नाय," तो म्हणाला. "चार वरसं झाली. मी लपवला."

तो टाकीवरून उतरला आणि त्यानं आधी वाल्व्ह बंद केला. मग पाड्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली. एकेका घरात शिरून हंडे, कळश्या, रांजण उपडे करत, एकच ओरडत सुटला, "पेऊ नको! पिवळा खोटा हाय! माझा नाक मेलाय, माझा आयकू नका!" बाया अंगणात येऊन बघत राहिल्या. ज्याच्या शब्दावर हंडा उचलायचा, तोच हंडे लाथाडत चालला होता. शरमेनं मान खाली जावी, अशी ती वेळ होती. पण शरमेला सवड नव्हती. वरच्या टोकाचं शेवटचं घर त्याचं स्वतःचं होतं, आणि तिथवर तो धावतच पोचला.

गौरा ओट्यावर उभी होती. हातात सुकरीचं घाण झालेलं लुगडं.

"कवापासनं?" त्यानं विचारलं.

"सकाळधरनं. चारदा." आठ दिवसांपूर्वीचं काही तिनं काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं.

मोखाड्याच्या रुग्णालयाकडे निघालेल्या जीपमध्ये मागे माघ्या आडवा होता आणि मधल्या सीटवर गौराच्या मांडीवर डोकं ठेवून सुकरी. ओठ फाटलेले, बोटं सुरकुतलेली. घाटातल्या प्रत्येक वळणाला ती पोटावर हात ठेवायची आणि तिथेच ठेवून राहायची. देवराम तिच्या पायांशी बसला होता. सिस्टरांनी उपकेंद्राच्या टीसीएल टाकलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून दिलेली बाटली त्याच्या हातात होती.

"बा," सुकरी म्हणाली, "सकाळधरनं पोटात हालत नाय."

त्यानं बाटलीचं बूच काढलं आणि ती तिच्या तोंडाशी नेली. तहानेनं तिचा जीव चालला होता, तरी तिनं ओठ मिटून घेतले आणि पाड्यात वाढलेली पोर विचारते तसंच विचारलं, "पानी बरा हाय ना, बा?"

अकरा वर्षं या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. आता त्यानं बाटली गौराकडे दिली. गौरानं ती नाकाशी धरून हुंगली, आणि म्हणाली, "पे."

सुकरीनं प्यायला सुरुवात केली.