डेल्फा आधी गज सोडते

डेल्फा रस्क बंदुकीचा दस्ता बघतच नाही. विकायला आलेला माणूस लाकडाला तेल चोळचोळून, नळी बाहेरून लखलखीत करून आलेला असतो आणि ही बाई म्हणते, "छान. आता बूच काढा." बूच निघत नाही. मग तो घाम पुसत म्हणतो की थंडीने जाम झालंय. डेल्फा म्हणते, "थंडीने नाही हो, आळसाने." वरून कीर्तन, आतून तमाशा असल्या बंदुका तिने इतक्या पाहिल्यात की तिला आता रागही येत नाही. मला येतो.

आमच्या ओहायोच्या टेकड्यांत जानेवारीत चार दिवस फक्त ठासणीच्या बंदुकीने हरीण मारायची मुभा असते. या बंदुका पणजोबांच्या काळातल्या नव्हेत. ठिणगी पाडणारी टोपी नळीच्या सरळ मागे बसते आणि मागचं बूच आटे फिरवून काढता येतं. पण दारूच्या वड्या आणि गोळी अजून नळीच्या तोंडातूनच घालायची, लांब गजाने ठासायची. झाडल्यावर आत जी राख उरते ती हवेतलं पाणी पिते. त्याच दिवशी नळी धुतली नाही, बुचाला ग्रीस लावलं नाही, तर वर्षभरात आतून सगळं गंजतं. जुनी बंदूक घेताना हेच बघायचं असतं, आणि ते डेल्फासारखं बघणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही.

ती जन्मतः शहाणी नव्हती. नवरा गेल्यावर हार्डवेअरच्या दुकानामागची ही जुन्या बंदुकांची खोली तिने चालवायला घेतली. बंदुकांच्या पहिल्याच जत्रेत एक झकपक बंदूक घेऊन आली, तिचं बूच गंजून नळीशी एकजीव झालं होतं. ती बंदूक आजही भिंतीवर टांगलेली आहे. कुणी विचारलं तर सांगते, "ती माझी शाळेची फी." तेव्हापासून तिचा क्रम ठरला. टोपीची जागा उघडून बघायची, मग नळीत गज सोडायचा, मग बूच, मग पांढरी चिंधी, आणि किंमत सगळ्यात शेवटी. सख्ख्या भावाची बंदूक असली तरी क्रम मोडायचा नाही.

म्हातारा एमरी टॅकेट दरवर्षी हंगामाच्या आधी बंदूक घेऊन यायचा. विकायला नाही, नुसतीच किंमत करून घ्यायला. डेल्फाने आकडा सांगितला की तो म्हणायचा, "एवढीच? मग नाही देत जा," आणि तिची कॉफी पिऊन निघून जायचा. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठासणी त्यानेच शिकवली. गजावर दोन खुणा करा, हा त्याचा धडा. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो ती एक, दारू-गोळीचा बार भरल्यावर कुठवर जातो ती दुसरी. खूण बघितल्याशिवाय बंदुकीला हात लावेल त्याच्या पाठीत तो गज बसायचा.

यंदा तो गुरुवारी आला. गाडी स्वतः चालवत आला होता. मुलगी जोलीन बाहेर गाडीतच बसून फोनवर बोलत होती.

"काय गं डेल्फा, यंदा काय देतेस?"

"आधी बघू तर द्या. तुम्हाला ओळखते मी, बंदुकीला नाही."

"बघ, बघ. शनिवारी जोलीन झाडणार आहे. माझा खांदा आता साथ देत नाही. मी शेजारी बसून नुसतं तोंड चालवणार."

"ते जमेल तुम्हाला."

तिने टोपीची जागा उघडली. रिकामी होती. मग त्याच्याच बंदुकीचा गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत तो बुडाशी ठण्णकन वाजतो. हा मऊ आवाज करून मध्येच थांबला. भरलेली आहे, असं डेल्फाच्या मनात आलं. त्यात नवल नव्हतं, टोपी न लावता बार भरून ठेवतात लोक. पण एमरीच्या दोन्ही खुणा नळीच्या बाहेर होत्या. भरल्याची खूणसुद्धा तोंडापासून चार बोटं वर.

एका बारावर दुसरा बार होता.

अशी बंदूक झाडली तर नळीच फुटते. बूच खराब झालंय, ठेवून जा, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. जोलीनला मागाहून फोन करता आला असता. मी असतो तर तेच केलं असतं, आणि वर स्वतःला भला माणूस म्हणवून घेतलं असतं. पण बंदुकीबद्दल तिच्या मालकाशी खोटं बोलायचं तिला कधी जमलं नाही.

"एमरी, जरा गज बघता?"

तो चष्मा लावून वाकला. "भरलीय की. रविवारी भरली मी."

"मग खूण तोंडाशी हवी ना?"

एमरीने खुणेवर बोट ठेवलं. बोट तसंच राहिलं.

डेल्फाने बूच फिरवलं. दोन बोटांनी ते लोण्यातून निघाल्यासारखं निघालं, ताज्या ग्रीससकट. मग तिने बार गजाने मागच्या बाजूने हळूच बाहेर ढकलला. फडक्यावर दोन वड्या पडल्या, मग गोळी. मग पुन्हा दोन वड्या आणि पुन्हा गोळी.

"दुसरा कधी भरला मी?"

"मला कसं ठाऊक असणार, एमरी?"

"मलाही नाही," तो म्हणाला. मग दस्त्यावर, गाल टेकतात तिथे, त्याने तळवा ठेवला. "जोलीनचं तोंड इथं असतं."

"हो," डेल्फा म्हणाली.

तिने नळीतून चिंधी फिरवली. पांढरी गेली, पांढरीच आली. "इतकी निगराणीतली बंदूक या तालुक्यात दुसरी नाही. बंदुकीला काहीही झालेलं नाही."

"ते कळतंय मला. मलाच झालंय." तो स्टुलावर बसला. "मागच्या महिन्यात चर्चला जाताना रस्ता चुकलो. चाळीस वर्षांचा रस्ता. घरी सांगितलं, टायर पंक्चर झाला होता."

डेल्फाने त्याला कॉफी दिली. त्याने ती नुसती हातात धरली.

"जोलीनला मी सांगू?" तिने विचारलं.

"नको. पोरगी माझी आहे, मीच सांगतो. पण तू एक कर. दारात उभी राहा. तू बघत असलीस तर मी मध्येच विषय बदलणार नाही. मला माहितीय मी कसा आहे ते."

बंदूक त्याने टेबलावरच ठेवली. बाहेर रक्त गोठवणारी थंडी होती. डेल्फा कोट न घालताच दारात हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. मला विचाराल तर आमच्या टेकड्यांत त्या दिवशी सगळ्यात धीराची माणसं ही दोघंच होती.

एमरीने जोलीनच्या बाजूची काच ठोठावली. तिने काच खाली घेतली, फोन ठेवला. तो बोलू लागला. मध्येच त्याने आभाळाकडे हात केला, बहुतेक बर्फाचं काहीतरी काढलं, आणि मागे वळून बघितलं. डेल्फा होती. तो पुन्हा खिडकीकडे वळला, खिशातून गाडीची किल्ली काढून जोलीनच्या हातात दिली, आणि राहिलेलं सगळं सांगितलं.