हिरवा ठिपका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, मोंढ्यातल्या ज्या दोस्तांबरोबर तीस वर्षं एका डब्यात जेवलो त्यांनाही नाही. आज सांगतोय म्हणजे मी सुधारलो, असं समजू नका. आणि वाचून झाल्यावर मला समजवायलाही येऊ नका. समजूतदार माणसं माझ्या आजूबाजूला भरपूर आहेत, त्यांना मी कंटाळलोय.

आधी मी कोण ते सांगतो. माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्याच्या बाजारात, मी एका आडतीवर लिलाव पुकारायचो. शेतकऱ्याने तूर ओतली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातले दाणे वर काढायचे, तळहातावर चोळायचे, एखादा दाताखाली फोडायचा, आणि मग तोंड उघडायचं. वर वाळलेला आणि खाली ओला माल घालून आणणारे मी ढिगाकडे नुसतं बघून ओळखायचो. भाव चढवायला कुणी आपलाच माणूस गर्दीत उभा केलेला असला, तर दुसऱ्या बोलीला तो माझ्या लक्षात यायचा. अप्पाला कोणी फसवू शकत नाही, असं लोक म्हणायचे. त्यांनी तसं म्हणावं याची तजवीज मीच करायचो — तेही सांगून टाकतो.

अशा माणसाने फोनवरच्या लिलावात एक अँप्लिफायर घेतला. हसा खुशाल.

सहा वर्षं झाली. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर बंद पडला होता आणि हरिनाम सप्ताह पंधरा दिवसांवर आला होता. नवे मिळतात ते हलके, त्यांच्यातून मृदंग रिकाम्या डब्यासारखा वाजतो. मला जुन्या बनावटीचा, जड ट्रान्सफॉर्मरचा हवा होता. मुलाने फोनवर एक ठिकाण दाखवलं, तिथे वापरलेल्या साउंडच्या सामानाचे लिलाव चालायचे. मी मंडळात छातीवर हात मारून सांगितलं, लिलाव म्हणजे माझ्या घरचं काम, माल मी आणतो. सोपानतात्या आमचे अध्यक्ष. ते म्हणाले, "अप्पा, हात लावल्याबगर कसं घेताव?" मी त्यांना सगळ्यांसमोर वेड्यात काढलं.

फोटो चांगले होते. पुढचा पत्रा चकचकीत, दिवा लागलेला. मागच्या स्क्रूंपैकी एकावर लाल ठिपका होता आणि खाली लिहिलं होतं — कंपनीचं सील, आजवर न उघडलेला. मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. सील तुटलेलं नव्हतं. दुपारी जेवण सोडून फोन धरून बसलो. समोर कोणीतरी बोली चढवत होता, मी चढवली की लगेच तो चढवायचा, इतक्या लगेच की समोर असता तर मी त्याची कॉलर धरली असती. पण समोर होतं कोण? एक नाव आणि उलटं धावणारं घड्याळ. शेवटी माल मला सुटला, आणि मी आडतीवर सगळ्यांना चहा पाजला.

खोकं आलं. वजन बरोबर होतं. घरी एकटाच असताना लावून पाहिला. दिवा लागला, आवाज नाही, आणि थोड्या वेळात जळका वास. मी तो पोत्यात गुंडाळला आणि युनूसभाईकडे नेला.

युनूसभाईचं दुकान बसस्टँडच्या मागे होतं. रेडिओच्या काळापासूनचा कारागीर. मंदिराचा भोंगा असो, मशिदीचा असो, लग्नाचा साउंड असो — बिघडला की त्याच्याच टेबलावर यायचा. त्याची एक पद्धत होती, ती सगळ्या माजलगावला ठाऊक होती. दुरुस्ती झाली की तो मागच्या एका स्क्रूवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. कायम उजव्या हाताला, खालच्या स्क्रूवर. तक्रार घेऊन कोणी आलं की आधी ठिपका बघायचा. ठिपका शाबूत असेल तर काम त्याचं, पुन्हा फुकट करून द्यायचा, हुज्जत नाही. तुटलेला असेल तर मध्ये दुसऱ्याचा हात गेला. लोक पावतीवर भांडायचे, या ठिपक्यावर कधी कोणी भांडलं नाही.

हे मी वीस वर्षं पाहत होतो. तरीही फोटोतला लाल ठिपका मला कंपनीचं सील वाटला. आता समजलं ना?

युनूसभाईने पाहिल्या पाहिल्या ओळखलं. "अप्पा, सील कशाचं आलं, नेलपालिश हाय ह्ये. कुन्या तरी मिस्त्रीचं." मग उघडून दाखवलं. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळलेला, तोही जळलेला. तारा कुठल्या कुठे जोडलेल्या. "लई हात फिरल्यात याच्यात. म्या न्हाई हात लावत." आणि तो हसला. वाईट हसला नाही, मित्र हसतो तसा हसला. "माझा हिरवा रोज बघताव, अन् लाल वळकंना व्हय?" मी म्हणालो, कुणाला सांगू नको. त्याने मान हलवली, स्क्रू परत बसवले, आणि ठिपका दिला नाही. जे काम त्याने केलं नव्हतं त्यावर तो देणार कसा?

ते हसणं मला डाचलं. बास, एवढंच कारण आहे. दुसरं मोठं कारण शोधून मी कंटाळलो, ते सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मंदिरात बैठक होती. तात्यांनी विचारलं, "आला का तुमचा माल? चालू हाय न?" दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. फसलो, असं म्हणायचं होतं. तीन अक्षरं. लोक आठवडाभर हसले असते आणि विसरले असते. मी म्हणालो, आला तेव्हा चालू होता, युनूसकडे नुसता तपासायला दिला, त्याने जाळला.

मी हे बोललो आणि कोणीही दचकलं नाही. इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती लपवली तर हा सगळा कबुलीजबाब खोटा. मला ठाऊक होतं की दचकणार नाहीत. नाव युनूस असलं की आमच्या बैठकीत फार कोणी खोदून विचारणार नाही, हे मी बोलण्याआधी हेरलेलं होतं. तळातला दाणा ओळखणारा माणूस मी — माझ्याच माणसांच्या मनाच्या तळात काय आहे ते मला कळत नव्हतं का? मी त्यावरच बोली लावली.

एकट्या तात्यांनी विचारलं. "जाळला तर जाळला. पर त्याचा ठिपका आसंल न? उद्या घिऊन या, त्याला दाखवू. त्यो भरून देईल."

ठिपका नव्हता. तिथे तरी मी थांबू शकलो असतो.

मी बांगड्यांच्या दुकानात गेलो. हिरवं नेलपॉलिश मागितलं. दुकानदार हसून म्हणाला, कोणाला? मी म्हणालो, नातीला. तेव्हा मला नात नव्हती. त्याने तीन बाटल्या मांडल्या आणि मी चक्क निवड केली — हा फार गडद, हा पोपटी, हा बरोबर. घरी येऊन भर दुपारी, खिडकीपाशी बसून, उजव्या हाताला, खालच्या स्क्रूवर ठिपका दिला. हात थरथरला नाही. थरथरला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं. वाळेपर्यंत फुंकर घातली. युनूसभाई पण तशीच घालायचा.

मग आम्ही पाच जण त्याच्या दुकानात गेलो. तात्यांनी अँप्लिफायर टेबलावर उलटा ठेवला आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. युनूसभाईने चष्मा लावून तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, यात मला शंका नाही. हाताखालून गेलेल्या कामाची माणसाला ओळख असते, आणि हे काम त्याच्या हाताखालून गेलेलं नव्हतं. मी त्याच्या नजरेला नजर दिली. खाली बघितलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात हलकट क्षण कुठला असं विचारलंत तर तो खोटं बोलल्याचा नाही, ठिपका दिल्याचाही नाही. मी खाली बघितलं नाही, तो.

तो म्हणू शकला असता, हा ठिपका माझा नाही. पण पाच माणसं समोर, त्यातला एक वीस वर्षांचा दोस्त, आणि ठिपका हुबेहूब. कोण ऐकणार होतं? किंवा कुणाला सांगणार नाही हा मला दिलेला शब्द तो पाळत होता. मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "ठिपका हिरवाच हाय, तात्या. सप्त्याला माझा न्या."

त्याने स्वतःचा अँप्लिफायर दिला. सात दिवस तो वाजला. मृदंग असा वाजला की महाराजांनी कीर्तनात साउंडचं कौतुक केलं. मी पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा होतो.

मग हळूहळू गोष्ट पसरली. मी पसरवली नाही, आणि थांबवलीही नाही. माणसं म्हणायला लागली, त्याच्याकडं काहून न्यायचं, त्यानं मंडळाचा जाळला. मंडपवाले दुसरीकडे जाऊ लागले. काही महिन्यांनी मी मोंढ्यातला पंखा त्याच्याकडे पाठवला, स्वतः गेलो नाही. पंखा दुरुस्त होऊन आला. मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, सगळे स्क्रू पाहिले. ठिपका नव्हता. त्याने ठिपका देणं बंद केलं होतं. का बंद केलं ते तुम्हाला सांगायला हवं का? जो ठिपका कोणीही देऊ शकतो त्याला काय अर्थ राहिला? त्यानंतर दोन वर्षांनी त्याने दुकान सोडलं. आता तो बसस्टँडसमोर गाड्यावर मोसंबी विकतो.

मला त्या लिलावात फसवलं गेलं, हे खरं आहे. विकणारा खोटा, समोरचा बोली लावणारा बहुतेक त्याचाच. त्याची तक्रार मी आजवर कुठे केली नाही, करणारही नाही. त्याच्यामागे लपायची मला गरज नाही. त्याने माझी फसवणूक केली ती केली, युनूसभाईची मी केली. दोन वेगळे सौदे आहेत.

आज का लिहितोय? गेल्या आठवड्यात मंडळाचा मिक्सर बिघडला. एक जण म्हणाला, युनूसभाईला घरी जाऊन विचारू, तो अजून करतो. तात्या म्हणाले, "नगं. त्यानं अप्पानं आनलेला अँप्लिफायर जाळला व्हता." आणि सगळे माझ्याकडे वळले. सहा वर्षांनी पुन्हा तीच संधी, तेच मंदिर, तीच माणसं. मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

मुलगा म्हणेल, या वयात हे कशाला उकरून काढलं. मंडळातले म्हणतील, अप्पाचं डोकं फिरलं. म्हणा. हा कागद मी उद्या सकाळी काकड्यानंतर मंदिरात वाचणार आहे, मग बसस्टँडवर मोसंबीच्या गाड्यापाशी उभा राहून पुन्हा वाचणार आहे, गर्दी असताना. लिलाव पुकारणारा गळा आहे, अजून बसलेला नाही. मोंढ्यात एकदा पुकारलेला भाव मी कधी मागे घेतला नाही. युनूसभाईने काय करावं हे मी सांगणार नाही. त्याने मोसंबी तोलत राहावी, माझ्याकडे बघूही नये.

नेलपॉलिशची बाटली माझ्याकडे अजून आहे. आत सगळं वाळून गेलंय, झाकण निघत नाही. ती पण घेऊन जाणार आहे, लोकांना दाखवायला. तो हिरवा ठिपका मी दिला होता.