रोल नसलेला कॅमेरा
परवा भाचीने जुन्या बाजारातून रोलचा छोटा कॅमेरा आणला, आणि फ्लॅश चार्ज होतानाची ती बारीक शिट्टी ऐकून मी नकळत डोळे मिटून घेतले. नव्वदच्या दशकात इंदापूरला आमच्या घरी बारामतीचे पाहुणे मला बघायला आले होते, आणि मुलाच्या बहिणीकडे असाच कॅमेरा होता. बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीशी उभं करून तिने मला हसायला लावलं, मान वळवायला लावली, वेणी पुढे घ्यायला लावली, आणि दर वेळी फ्लॅश माझ्या डोळ्यांवर आदळला. मग शिरा खायला बसताना तिने कॅमेरा चटईवर ठेवला. आईने तो कौतुकाने उचलला, तशी कडेची खिटी सरकून मागचं झाकण उघडलं. उजेड लागला की रोल वाया जातो, एवढं आईला ऐकून ठाऊक होतं; ती रडकुंडीला आली. "अगं बया, समदं फोटू गेलं की वो ताई! चुकलं माजं." बहीण शिरा चावतच म्हणाली, "घाबरू नका मावशी, त्यात रोल हाय कुठं? पोरगी पसंत पडली तरच घालते. दर घरी रोल कोण वाया घालवणार?" सगळे पाहुणे हसले. मी पाण्याचा तांब्या धरून तिथेच उभी होते. आईने छातीवर हात ठेवला, "मंजी माज्या हातनं काय बिघडलं न्हाय," म्हणाली, आणि त्यांच्यात मिसळून हसली. त्या बहिणीचा चेहराही आता मला आठवत नाही. आईचं ते सुटकेचं हसू मात्र, ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी, मला माफ करता आलेलं नाही.