बकरीचा प्रसंग आणि दीड तारा

ईशान, जुई,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघे माझ्यासमोरच भांडलात. त्या निळ्या चिलखतवाल्या नायकाचा दुसरा भाग आला आहे, तो जुईला बघायचा आहे, आणि ईशान म्हणतो की सगळ्या समीक्षकांनी त्याला झोडपले आहे, मग जायचे कशाला. तुमची आई मध्ये पडली आणि फोन बंद झाला. याच नायकाच्या पहिल्या भागावरून आपल्या इमारतीत केवढे भांडण झाले होते, ते तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. ज्यांचे ते भांडण होते त्यातल्या तळमजल्यावरच्या वहिनी जाऊन बरीच वर्षे झाली, आणि त्यांचे यजमान, आमचे परीक्षक, गेल्या महिन्यात गेले. आता मी सांगितले नाही तर कोणीच सांगणार नाही, म्हणून लिहिते.

परमेश्वराने या जगात जे काही निर्माण केले, त्यातले काहीही आमच्या तळमजल्यावरच्या परीक्षकांना पूर्णपणे पसंत पडले नाही. ते कॉलेजात इंग्रजी शिकवत, पण शहर त्यांना ओळखायचे ते एका स्थानिक दैनिकातल्या शनिवारच्या चित्रपट परीक्षणामुळे. परीक्षणाच्या शेवटी पाचपैकी तारे असत, आणि अडीचच्या वर ते कधी गेले नाहीत. "अडीच म्हणजे उत्कृष्ट," ते मला समजावत. "तीन देऊन टाकले तर माणसं सुधारणार कशी, बाई?" मी शाळेत शिकवत असल्यामुळे मला ते 'बाई' म्हणत, आणि माझ्या शाळेतले मार्क फार सैल हाताने दिले जातात असे त्यांचे ठाम मत होते. पुढे पुढे ही ताऱ्यांची सवय चित्रपटगृहाबाहेर आली. माझ्या दिवाळीच्या चकलीला दोन तारे: "सुरुवात दमदार, पण मध्यंतरानंतर पकड सुटते." जालना रोडवर नवा उड्डाणपूल झाला तेव्हा सगळे शहर त्यावरून फिरून आले, हे परत येऊन म्हणाले, "लांबी भरपूर, आशय नाही." तुमच्या आईच्या लग्नात अक्षता टाकून झाल्याबरोबर त्यांनी माझ्या कानाशी येऊन तुमच्या बाबांना दोन तारे दिले. "पदार्पण म्हणून ठीक आहे," म्हणाले. कोणाच्या मयताला जाऊन आले तरी पाय धुता धुता शेजारच्यांना सांगत, "गर्दी होती, पण शेवट फार लांबवला." लोक रागावत नसत. त्यांच्याकडून दोन तारे मिळाले की उलट चार जणांना सांगत.

चित्रपटाला जाताना ते घरची उशी घेऊन जात. खुर्ची टोचली की तिचा राग चित्रपटावर निघतो आणि तो अन्याय होतो, असे त्यांचे म्हणणे. पडद्यावर शेवटचे नाव जाईपर्यंत ते उठत नसत. झाडूवाला त्यांना पाय उचलायला लावून खालून झाडून घेई. परीक्षकाने हसू नये हाही एक नियम होता. हसू आलेच तर ते त्याचा खोकला करीत. विनोदी चित्रपटाला बाल्कनीच्या कोपऱ्यातून खोकला जितका जास्त ऐकू येई तितका चित्रपट चांगला, हे शहागंजच्या जुन्या थिएटरातल्या डोअरकीपरलासुद्धा माहीत होते.

पण खरी गंमत वहिनींची. परीक्षक आणि वहिनी एकाच रिक्षाने चित्रपटाला जात, आणि थिएटरच्या दारात एकमेकांना सोडून देत. ते वर बाल्कनीत, त्या खाली स्टॉलमध्ये. वहिनी रडत, शिट्टी वाजवत, खलनायकाला शिव्या घालत. त्याचा परीक्षकांच्या मतावर परिणाम होऊ नये म्हणून ही व्यवस्था होती. परीक्षण छापून येईपर्यंत चित्रपटाबद्दल घरात अक्षर बोलायचे नाही, आणि वहिनींना दुसरे काही बोलायला सुचायचे नाही, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी तळमजला अगदी गप्प असे. शनिवारी सकाळी पेपर दारात पडला की मग तोंडे सुटत. "दीड? आरं देवा, दीड?" हा आवाज मला वरच्या गॅलरीत ऐकू आला की मी चहा ठेवत असे.

दोघेही खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरातले, मेंढरे राखणाऱ्या घरातले. वहिनी त्यांच्या मामाचीच मुलगी. ते शिकायला शहरात आले, वसतिगृहात राहिले, इंग्रजी बोलायला लागले. वहिनी चौथीनंतर मेंढरांमागे गेल्या. लग्न लहानपणीच ठरलेले होते आणि त्यांनी ते मोडले नाही. प्राध्यापकांच्या बायकांच्या हळदीकुंकवात वहिनी मोठ्या आवाजात "लई ग्वाड झालंय" म्हणायच्या तेव्हा बाकीच्या एकमेकींकडे बघत. परीक्षकांनी त्यांना एकदाही "हळू बोल" म्हटलेले मी ऐकले नाही. तारे मात्र त्यांच्या पुरणपोळीलाही अडीचच.

तो चित्रपट आला ते दुष्काळाचे सलग दुसरे वर्ष होते. जायकवाडीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. आपला नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेने. शहर तर चहूकडे वाढत होते. जिथे ज्वारी होती तिथे 'टू बीएचके'च्या पाट्या लागल्या होत्या, आणि टँकर आधी त्या बांधकामांवर जाऊन उरलेले पाणी घेऊन आमच्याकडे येत. शहराबाहेर चारा छावण्या लागल्या होत्या. गावोगावची माणसे जनावरांना घेऊन तिथेच ताडपत्रीखाली राहत होती. त्याच उन्हाळ्यात वहिनींची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा त्यांना रक्तशुद्धीकरणाला न्यावे लागे आणि दिवसभरात एक छोटी बाटली, एवढेच पाणी प्यायची परवानगी होती. ती हिरव्या झाकणाची बाटली त्या सतत कमरेशी ठेवत, घोट घोट पुरवत. "ताई, डाक्टरनं मला बी टँकरवर ठिवलंय बघा," त्या म्हणायच्या आणि हसायच्या. त्या बऱ्या होणार नाहीत हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होते, त्यांनाही होते.

अशा अवस्थेतही त्या चित्रपटाला गेल्या. गोष्ट साधी होती. आकाशातून आग पडते, शहरे जळतात, निळ्या चिलखतातला नायक माणसांना उचलून सुरक्षित जागी नेत असतो. अगदी शेवटी, सगळे सुटले असताना, एक मुलगी रडते की माझी बकरी मागे राहिली. आणि नायक माघारी फिरतो. बकरी खांद्यावर घेऊन येईपर्यंत खलनायक अर्धे शहर उद्ध्वस्त करतो.

या बकरीने देशभरच्या समीक्षकांना खाद्य पुरवले. मुंबई-दिल्लीच्या पेपरांत 'कोट्यवधींची बकरी' म्हणून टिंगल झाली. आमच्या परीक्षकांनी दीड तारा देऊन लिहिले, "जगाचा अंत दारात उभा असताना नायक एका बकरीसाठी मागे वळतो. प्रसंग हास्यास्पद आहे." आणि शहागंजच्या थिएटरवर मात्र हाउसफुल्लची पाटी उतरेना. छावण्यांवरून जीप भरभरून माणसे येत होती. धोतरातली म्हातारी माणसे रांगेत उभी होती, ज्यांनी जन्मात थिएटर पाहिले नव्हते. परीक्षकांना रस्त्यात लोक अडवू लागले. रोजचा रिक्षावाला म्हणाला, "क्या प्रोफेसर साब, बकरी क्या बिगाड़ी थी तुमारा? पब्लिक रो रई, और तुम हँस रए!" पुढच्या रविवारी सकाळी तर इमारतीच्या फाटकाला कोणीतरी गळ्यात झेंडूचा हार घातलेली एक जिवंत बकरी आणून बांधली. परीक्षक बाहेर आले, चष्मा नीट केला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अडीच. अभिनय सहज आहे." वहिनींनी तिला दिवसभर भाजीची देठे घातली. संध्याकाळी मालक येऊन, ओशाळून, घेऊन गेला.

गंमत तिथेच संपली. परीक्षण छापून आले त्या शनिवारी खालून "दीड?" ऐकू आले नव्हते, आणि त्यानंतरही वहिनी त्यांच्याशी बोलेनात. मी खाली गेले तर दोघे स्वयंपाकघरात दोन भिंतींकडे तोंडे करून बसलेले.

"ताई, ह्यांना इचारा," वहिनी मला म्हणाल्या, "हसू कशाचं आलं त्यांना?"

"बाई, तुम्ही सांगा," परीक्षकही मलाच म्हणाले. "वरून आग पडते आहे आणि हा माघारी फिरतो. कोण फिरतं माघारी? हिचा बाप फिरला होता?"

मला काही कळले नाही. वहिनींनीच सांगितले, शांतपणे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा बाप कळप घेऊन गोदावरीकडे निघाला होता. बिडकीनच्या अलीकडे एक गाभण मेंढी खाली बसली ती उठेना. थांबले असते तर बाकीचा कळप गेला असता. बाप म्हणाला, चला, मागे बघायचे नाही. "म्या नाय बघितलं," वहिनी म्हणाल्या. "पर लई लांबपतुर तिचा आवाज येत व्हता."

"तेच म्हणतो मी," परीक्षक म्हणाले. "मामा फिरला नाही. कोणीच फिरत नाही. या मुंबईच्या लोकांना काय माहीत! पैसे ओतून खोटं दाखवतात, आणि आपली माणसं टाळ्या पिटतात. मला चीड येते."

"नव्हता फिरला, व्हय," वहिनी म्हणाल्या. "जे झालं ते मला ठावं हाय. त्येच बघाया तिकीट कशाला काढू? खोटं हाय तर खोटं म्हना. हास्यास्पद काहून लिवलं? त्या थेटरात सगळी मागं सोडून आलेलीच मानसं व्हती. हसला कुनाला तुमी?"

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "छापलेला शब्द मी कधी मागे घेतलेला नाही." ते खरेच होते. मोठमोठ्यांनी विनवण्या केल्या तेव्हाही त्यांनी अर्धा तारा वाढवला नव्हता. त्यांच्यापाशी अभिमानाचे तेवढेच होते.

वहिनी पुन्हा भिंतीकडे वळल्या. त्यानंतर घरात कामापुरतेच बोलणे उरले: गोळी, रिक्षा, टँकर आला. दर खेपेला रुग्णालयातून येताना त्या आणखी लहान दिसत. मला भीती वाटू लागली की हे असेच राहील आणि एक दिवस त्या जातील. मग एका सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "अहो, आनखी एकदा बघायचाय त्यो पिच्चर. तुमच्या शेजारी बसून."

शेजारी! परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मग उठून उशी काढली.

आम्ही तिघे दुपारच्या खेळाला गेलो. डोअरकीपरने सवयीने त्यांना जिन्याकडे हात दाखवला, तर हे वहिनींचा दंड धरून खाली स्टॉलमध्ये आले. उशी त्यांनी वहिनींना दिली. भोवती सगळी छावणीवरची माणसे, घामाचा आणि कडब्याचा वास. आग पडली, शहरे जळली. ती मुलगी रडायला लागली तेव्हा मला शिट्ट्यांची अपेक्षा होती, पण सगळे थिएटर चिडीचूप झाले. मागून एक म्हातारा अगदी गयावया करून पडद्याला म्हणाला, "फिर रे बाबा. माघारी फिर." नायक वळला.

तेवढ्यात परीक्षकांना खोकला आला. तो थांबेना. मान खाली घालून, तोंडावर रुमाल धरून ते खोकत राहिले, खांदे हलत राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा खोकला मी शेकडो वेळा ऐकला होता. हा तो नव्हता. वहिनींनी पडद्यावरची नजर काढली नाही. फक्त कमरेची हिरव्या झाकणाची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

"प्या," त्या म्हणाल्या. "आज मला नगं."

पुढच्या शनिवारी परीक्षणाखाली एक चौकट होती: "मागील एका परीक्षणात बकरीच्या प्रसंगाला हास्यास्पद म्हटले होते. तो शब्द मी मागे घेतो. प्रसंग खोटा आहे. तारे तेवढेच राहतील." मी गॅलरीत उभी होते. खालून वहिनींचा आवाज आला, पूर्वीसारखाच नव्हे, पण आला. "कंजूष मानूस! अर्धा बी नाय वाढवला!" मी चहा ठेवला.

पाऊस यायच्या आतच त्या गेल्या. महिन्याच्या दिवशी वाटायला स्टीलच्या वाट्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी परीक्षकांबरोबर शहागंजात गेले. वाटीवर नाव कोरून घ्यायचे होते. दुकानदाराने नाव कोरले, 'यांच्या स्मरणार्थ' कोरले, आणि परीक्षक म्हणाले, "खाली तारे काढा." दुकानदाराने माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. एक, दोन, अडीचवर थांबतील असे मला वाटले, पण ते बोट पुढे सरकवत राहिले. पाचवा तारा निम्मा झाला आणि लाइट गेली. दुकानदार म्हणाला, "तासाभरात येईल साहेब, पुरा करून देतो."

"राहू द्या," परीक्षक म्हणाले. "बाकीच्या वाट्यांवरही असेच काढा. पाच दिसले असते तर तिनं विश्वास ठेवला नसता."

त्यानंतर ते कायम स्टॉलमध्येच बसत. उशी शेजारच्या खुर्चीवर ठेवत. पुढे पेपरने परीक्षणे छापणे बंद केले, थिएटर पाडले, तिथे आता दुकानांच्या गाळ्यांचा सांगाडा उभा आहे. आपली इमारतही पुढच्या वर्षी पाडून नवी बांधणार आहेत. ईशान, चित्रपट वाईट असेल. तरी जा, आणि जुईच्या शेजारी बस.

वाटी माझ्याकडे आहे. नाव थोडे पुसट झाले आहे, साडेचार तारे स्पष्ट दिसतात. मी तिच्यात मीठ ठेवते.