गाडी उठेपर्यंत

सकाळी पाहिलं तर गाडी पुन्हा खाली बसलेली. दोन मालक आणि दीड लाख किलोमीटर झाल्यावर माझ्याकडे आलेली ही आलिशान मोटार; तिच्या धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनमधली हवा जाते आणि ती पोट टेकून बसते. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, एक लीकेज काढलं की दुसरं निघतं." मग मी इंजिन सुरू करून पुन्हा हवा भरेपर्यंत नुसता उभा राहतो. आधी मागची बाजू उचलते, मग कण्हत कण्हत पुढची. इतकी ताकद असलेल्या यंत्राला उठणंच का जड जावं? माझ्या वडिलांच्या पाठीला हादरे बसू नयेत म्हणून ही घेतली. आज त्यांना दवाखान्यात न्यायला उशीर होत होता. वैतागून मी बोनेटवर थाप मारली. काठी टेकत दारापर्यंत आलेले वडील म्हणाले, "चिडू नकोस रे तिच्यावर. उठतेय ना ती."