दिरांचा चकचकीत मॅनिफोल्ड

माझे धाकटे दीर तीन ट्रकचे मालक आहेत. त्यांच्या ट्रकवर मागे एक मोर रंगवलेला आहे. इंजिनातलं त्यांना आणि त्या मोराला सारखंच कळतं. सासरी सगळे पिढ्यानपिढ्या कचेरीत बसून सह्या करणारे. त्यामुळे लोखंडाला हात लावणारा घरातला पहिला माणूस म्हणून त्यांचं भारी कौतुक. मी इतकी वर्षं मुलांना डिझेल मेकॅनिकचं काम शिकवते, ते कुणी धरतच नाही.

एका रविवारी ते आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आले आणि श्रीखंडाचं पातेलं बाजूला सारून त्यांनी टेबलावर खोकं उघडलं. आत ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून देणारा नळ्यांचा सांगाडा. पण मूळ कंपनीचा नव्हे, बाहेरचा, आरशासारखा घासलेला.

"वहिनी, हवा जास्त, ताकद जास्त, डिझेल कमी. दुकानदार छातीठोकपणे सांगत होता."

"इंजिनाच्या किती फेऱ्यांवर?" मी विचारलं.

"दाहोदच्या ना? आठवड्याला दोन."

इंजिनाच्या फेऱ्यांचा नाद मी सोडला. मग, ऐकणार नाहीत हे माहीत असूनही सांगितलं, की रुंद नळ्यांचा फायदा इंजिन जोरात फिरतं तेव्हा. माल भरलेल्या ट्रकचं इंजिन जन्मभर सावकाश फिरतं. मूळचा तडकला असेल तर बाहेरचा बसवा जरूर. तुमचा तडकलाय का?

"तुमचं सगळं पुस्तकातलं," ते म्हणाले. माझे यजमान श्रीखंडात डोकं घालून बसले होते. भावापुढे ते असेच बसतात.

मॅनिफोल्ड बसला. ट्रक खरंच जास्त ओढू लागला, आणि हे कळवायला दिरांनी मला मुद्दाम फोन केला. महिन्याभरात दाहोदच्या चढावर इंजिनातून शिट्टी ऐकू यायला लागली. जोडाचा भाग सपाट नव्हता. तिथून हवा निसटत होती. गाडी तरसालीला त्यांच्या ट्रकच्या अड्ड्यावर आणून उभी केली, तेव्हा फोन पुन्हा मलाच.

जुना मॅनिफोल्ड टायरमागे पडला होता. आत काजळीचा असा थर, की मूठ जावी तिथे करंगळी जाईना. तीन ट्रकच्या मालकाने तो उतरवल्यावर एकदा आत डोकावूनही पाहिलं नव्हतं. शनिवारचा सगळा दिवस मी तो डिझेलमध्ये घासला, नवीन पॅकिंग घालून बसवला. ड्रायव्हर दाहोदला जाऊन आला.

"बेन, एवी ज खेंचे छे," तो म्हणाला. नव्याइतकीच ओढतेय.

मी दिरांकडे वळले. "म्हणजे फरक नव्या नळ्यांचा नव्हता, भावोजी. काजळी गेली, एवढंच."

"नाही वहिनी. त्या नव्याने इंजिनाला चांगली सवय लावली."

मी हात धुतले.

पुढे एका मुंजीत ते नातेवाइकांना सांगत होते, "मॅनिफोल्ड बदलायचा नाही, साफ करायचा. अनुभवाने कळतं." सगळे माना डोलावत होते. माझे यजमानसुद्धा. मी शेजारच्याच खुर्चीवर होते आणि गप्प राहिले. संकोच नव्हता, त्या घोळक्यात समजावून सांगावं असा एकही माणूस मला दिसला नाही.