‘हाव’ नोको म्हणू

सीताबर्डीच्या फुटपाथवर ‘ओरिजनल’ घड्याळ विकणाऱ्याकडे माणूस जसा पाहतो, तसं नत्थूजींनी पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिलं. मला राग आला. खोटं कशाला बोलू?

प्रताप नगरजवळच्या एका जुन्या गोदामात दुर्गेशनं आणि मी चढाईची भिंत उभारली आहे. तीस फूट उंच, रंगीत खुंट्या ठोकलेली, वरून दोर सोडलेले. शनिवारी सकाळी तिथं अपंग मुलांचा वर्ग असतो. नत्थूजी नात मयुराला पाठीवर घेऊन कोराडीहून बसनं आले होते. मयुरा दहा वर्षांची. जन्मापासून दोन्ही पाय आखडलेले, डावा हात कमजोर. उजव्या हातानं मात्र तिनं माझं मनगट धरलं ते मला सोडवेना.

“फुकट काहून शिकवता?” हा नत्थूजींचा पहिला प्रश्न. दुसरा, “फोटो काढता का?”

मागे कुठल्याशा कार्यक्रमात मयुराला स्टेजवर तीनचाकी मिळाली होती. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मंडप उतरवताना तीनचाकी पुन्हा टेम्पोत चढली. तेव्हापासून म्हातारा ताकही फुंकून पीत होता.

“नाही काढत,” मी म्हटलं.

“मोबाइल दाखवा.”

दाखवला. करते काय! मग संमतीपत्राच्या एकेका ओळीवर बोट ठेवून त्यांनी ते वाचलं आणि सही न करताच नातीला उचलून चालते झाले. त्यांच्या खांद्यावरून मयुरा दारापर्यंत भिंतीकडे पाहत होती.

पुढच्या शनिवारी ते एकटेच आले, पाठीवर सिमेंटचं पोतं. त्यात बावीस किलो रेती, किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून भरलेली. मयुराचं वजन तेवढंच.

“पह्यले याले लटकवा.”

दुर्गेश हसला. मला हसू आलं नाही. हा माणूस कुणीतरी मुद्दाम आमच्या चुका काढायला पाठवला असावा, असं मला वाटू लागलं होतं. तरी आम्ही चढणारे कमरेला-मांड्यांना घालतात तो पट्टा पोत्याला बांधला आणि दोरानं वर ओढलं. अर्धा तास ते लटकत राहिलं. नत्थूजी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. मग ते शिडीवर चढले आणि पोत्याला बाजूनं एक धक्का दिला. पोतं तिरकं झालं, मांडीच्या पट्ट्यातून सटकलं आणि धप्पकन गादीवर येऊन फुटलं.

“पाय आखडलेलं लेकरू असंच सटकते,” ते शांतपणे म्हणाले.

तो पट्टा धडधाकट मांड्यांसाठी होता. मी त्यात टॉवेलची घडी कोंबायची आणि झालं म्हणायची. दोन शनिवार वर्ग बंद ठेवून आम्ही छातीवरून घ्यायचा दुसरा पट्टा आणला. नवं पोतं चार वेळा लटकवलं, चार वेळा ढकललं. ते हललं नाही, तेव्हा कुठं नत्थूजींनी सही केली.

म्हणून त्यांचा संशय संपला असं समजू नका. आमच्याकडे रीत अशी, की चढणारा “तयार?” विचारतो आणि खाली दोर धरणारा “हाव”, म्हणजे हो, म्हणतो. नत्थूजींनी पहिल्याच मुलाच्या वेळी दुर्गेशला अडवलं.

“‘हाव’ नोको म्हणू. गाठ दाखव.”

प्रत्येक मुलाला हेच. तासाभराचा वर्ग दोन तास चालला. शेवटी माझा तोल गेला. “काका, जरा भरोसा ठेवा ना आमच्यावर!”

“भरोशानंच गेला रुपराव,” ते म्हणाले आणि खाली गादीवर बसले.

नत्थूजी तीस वर्षं एका ठेकेदाराकडे कारखान्यांच्या उंच चिमण्या रंगवायचे. रुपराव त्यांचा जोडीदार. एका सकाळी चिमणीवरून दोरानं सोडलेल्या फळीच्या झुल्यावर बसताना रुपरावनं विचारलं, “बांधलं का गा?” नत्थूजी विडी पेटवत होते. म्हणाले, “हाव.” गाठ अर्धीच मारलेली होती. ती सुटून रुपराव खाली पडला; वाचला, पण कमरेखाली लुळा झाला. अकरा वर्षं खाटेवर होता.

“दर ऐतवारी जाऊन बसत होतो त्याच्यापाशी. गाठ कोणं बांधली, त्यानं एक दिवस इचारलं नाही मले.”

म्हणजे इतके दिवस या माणसाला आमच्या हातांचा नव्हे, स्वतःच्या हातांचा संशय होता. मला माझ्या चढलेल्या आवाजाची लाज वाटली.

मयुरा हे सगळं ऐकत होती. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “दोर आबाजी धरतीन.”

“मी नाही वं,” नत्थूजी उठलेच. “दुर्गेश धरते ना.”

“तुमीच म्हणता, दुसऱ्याचा भरोसा नोको. तुमी नाही, त मीही नाही चढत.”

म्हातारा आपल्याच शब्दांत अडकला. तिनं तीन शनिवार हट्ट सोडला नाही. येऊन गादीवर बसायची, इतरांना चढताना बघायची, परत जायची. चौथ्या शनिवारी नत्थूजी दोर धरायला शिकायला तयार झाले. शिकायला दोन आठवडे घेतले. दोराचं शेपूट मागं दुर्गेशनं धरायचं, ही त्यांची अट.

तो दिवस आला. त्यांनी मयुराच्या पट्ट्यात इंग्रजी आठाच्या आकड्याची गाठ मारली.

“बांधली का?” मयुरानं विचारलं.

“हाव.”

तोंडातून निघूनच गेलं. मयुरा हलली नाही.

“‘हाव’ नोको म्हणू, आबाजी. दाखवा.”

नत्थूजी तिच्यापुढे गुडघ्यावर बसले आणि गाठ वर उचलून धरली. तिनं दोराच्या प्रत्येक वळणावरून बोट फिरवलं, हिसका दिला आणि म्हणाली, “पुन्हा बांधा.” त्यांनी सोडली, पुन्हा बांधली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“रुपरावनं येवढंच म्हटलं असतं त...” ते पुटपुटले.

मयुरा निघाली. वरच्या कप्पीतून आलेला दोर नत्थूजी खालून ओढून धरत, त्यामुळं तिचं अर्धं वजन दोरावर होतं, बाकीचं त्या एका उजव्या हातावर; तो पुढं नेताना ती डावं कोपर खुंटीत अडकवायची. पाय नुसते लोंबत होते. खुंटी धरायची, ओढायचं, थांबायचं, धापा टाकायच्या. वर पोचायला तिला पंचवीस मिनिटं लागली.

खाली यायचं तर खुंटी सोडून दोरावर बसावं लागतं. चढण्यापेक्षा तेच कठीण. मोठमोठे तिथं रडतात. मयुरा खुंटीला घट्ट चिकटली होती, त्यामुळं दोर सैल पडला होता.

“आबाजी, धरलं का?”

नत्थूजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग दोन्ही हातांनी दोर हळूहळू ओढत नेला, तो ताठ होईपर्यंत, वर तिच्या छातीच्या पट्ट्याला ती ओढ कळेपर्यंत.

मयुरानं हात सोडला.